शाळेत नेता येईल असं आरोग्याचं प्रदर्शन करायचं आहे. बस घ्यावी का?

मीनल_शिवडी
सोमवार, रात्री ९:४२

नमस्कार मंडळी. थोडं लांबलचक लिहिते आहे, सांभाळून घ्या.

शिवडीत आमचा छोटा ट्रस्ट आहे. आजवर वस्तीत पोषण आणि लसीकरणाच्या पाठपुराव्याचं काम केलं. यंदा एका कंपनीने सीएसआरमधून पैसे द्यायची तयारी दाखवली आहे आणि त्यांना 'मुलांसाठी काहीतरी इंटरॅक्टिव्ह' हवं आहे. त्यातून निघालं की आरोग्याचं फिरतं प्रदर्शन करायचं आणि शिवडी, वडाळा, गोवंडी, मानखुर्द इथल्या पालिकेच्या शाळांत न्यायचं. तिसरी ते सातवीची मुलं.

एका एजन्सीने आराखडा काढून दिला आहे. जुनी बस घ्यायची, सीट काढायच्या, दोन्ही बाजूंना टचस्क्रीन. एकावर हृदय, एकावर पचनसंस्था, एकावर दात, हात धुण्याचं कार्टून, डास मारायचा गेम. उतरताना वजन-उंचीचं यंत्र, त्यातून मुलाला चिठ्ठी मिळणार. बाहेर दोन्ही अंगांनी कंपनीचं नाव. कोटेशन वाचून मला घाम फुटला, पण साहेब खूश आहेत.

मी परिचारिका. रुग्णालयात आयुष्य गेलं, प्रदर्शन कधी उभं केलेलं नाही. तरी काही गोष्टी खटकतात. एका वर्गात पन्नासेक मुलं, तास ३५ मिनिटांचा, मग बसमध्ये एका वेळी किती चढवणार? पावसाळ्यात काय? एकाच इमारतीत मराठी, हिंदी, उर्दू अशी तीन माध्यमं, स्क्रीनवर कोणती भाषा ठेवायची? आणि बस उभी कुठे करायची?

मध्यंतरी एका शाळेत हृदयाचं प्लास्टिकचं मॉडेल घेऊन गेले होते. पाचवीतल्या एका मुलीने हातात घेऊन उलटंपालटं केलं आणि विचारलं, "बाई, हे मेलेल्या माणसाचं आहे का?" वर्ग हसला, पण मला काही उत्तर सुचलं नाही. स्क्रीनवरचं हृदय निदान हलेल, असं वाटून मी बसला मान डोलावली होती.

कुणी असलं काम केलं असेल तर स्पष्ट सांगा. पैसे अजून खर्च झालेले नाहीत.


सुतारपक्षी
सोमवार, रात्री ११:१५

मीनलताई, बस घेऊ नका.

मी लालबागचा. आयटीआयचा सुतार, एका संग्रहालयाच्या वर्कशॉपमध्ये लागलो आणि निवृत्त होईपर्यंत प्रदर्शनातल्या वस्तू बनवणं, वाहून नेणं आणि मुलांनी मोडल्या की दुरुस्त करणं हेच केलं. शिकलेली माणसं काय दाखवायचं ते ठरवतात. ते मुलांच्या हाताखाली किती टिकतं, हे आमच्यासारख्यांना कळतं.

बसची कल्पना मुळात वाईट नाही. कोलकात्याच्या बिर्ला म्युझियमने १९६५ मध्येच फिरतं विज्ञान संग्रहालय सुरू केलं. आपल्या वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राच्या बसही गावोगाव जातात. गावात ती शोभते. शाळेपुढे मैदान असतं, बस थांबली की अर्धं गाव गोळा होतं. पण गोवंडीत शिवाजीनगरच्या आतल्या गल्लीत बस वळवून दाखवा. फाटकासमोर रिक्षा, भाजीची हातगाडी, कोपऱ्यावर पाण्याचा टँकर. म्हणजे बस राहणार मोठ्या रस्त्यावर आणि मुलांची रांग रस्ता ओलांडून न्यायची. कुठलीही शहाणी मुख्याध्यापिका पहिल्या दिवशीच नको म्हणेल. त्यात सीट काढून गाडीची मूळ बनावट बदलायची तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आरटीओची मंजुरी घ्यावी लागते. पुढे विमा, फिटनेस, रात्रीचं पार्किंग. कंपनीचा चेक एकदा येतो, ड्रायव्हरचा पगार दर महिन्याला द्यायचा असतो. एका संस्थेची अशीच बस भिंतीला टेकून गंजताना मी पाहिली आहे. शेवटी वॉचमनने आत कपडे वाळत घातले.

पेट्या करा. सहा पेट्या, छोट्या हत्तीत, म्हणजे लहान टेम्पोत, आरामात बसतात.

पालिकेची शाळा म्हणजे तीन-चार मजले, लिफ्ट नाही. म्हणून पेटीचं माप जिना ठरवतो. दोन माणसांनी, त्यातलं एक पन्नाशीचं धरा, तिसऱ्या मजल्यापर्यंत न धापा टाकता नेता आली पाहिजे. भरलेली पेटी १५ किलोच्या वर जाऊ देऊ नका. ६० बाय ४५ बाय ४० सेंमी, ९ एमएम मरीन प्लाय, म्हणजे पाण्याला टिकणारा, त्यावर आयएस ७१० या भारतीय मानकाचा शिक्का बघून घ्या. रिकामी आठेक किलो भरते. एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या भुशाचा दाबलेला बोर्ड, स्वस्त पडतं म्हणून कुणी गळ्यात मारेल, ते जुलैत फुगतं. ऑर्केस्ट्रावाल्यांच्या पेट्यांना असतात तसे पत्र्याचे गोल कोपरे आणि आत दुमडणारी हँडलं लावा. टेबलं नेऊ नका. पेटी वर्गातल्या बाकावर ठेवायची, बाक मुलांच्याच उंचीचा असतो. झाकण उघडलं की तेच मागचा फलक.

आता स्क्रीन. बोट लावलं की हृदय उडतं. एक मूल बोट लावतं आणि सात मुलं त्याच्या डोक्यावरून बघतात. घरी मोबाइलवर हेच चालतं. आणि ताई, हलणारं हृदय प्रत्येक मूल शाळेत घेऊनच येतं. पेटीचं काम ते त्याला दाखवून देणं. तुमच्या त्या मुलीने सगळ्या आराखड्याची परीक्षा एका वाक्यात घेतली आहे.

नाडीची पेटी अशी करा. मऊ क्ले आणि खराट्याच्या हिरा. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला नाडी जिथे लागते तिथे वाटाण्याएवढा गोळा चिकटवायचा, त्यात बोटभर हीर उभी खोचायची, हात बाकावर सैल सोडायचा. हिरेचं टोक डुलायला लागतं. पहिल्यांदा दिसलं की मुलं श्वास रोखतात, वर्गात असली शांतता मास्तरलाही मिळत नाही. मग जागच्या जागी तीस उड्या आणि पुन्हा बघायचं. गोळा थोडा इकडेतिकडे सरकवून जागा शोधावी लागते, ते शोधणंही खेळातच धरा. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात बोटावर लावायचे पल्स सेन्सर मिळतात, मी बसवले आहेत. घामट बोट, हललेला हात, की भलताच आकडा येतो. मग मूल विचारतं, माझेच १८० का? हीर आकडा सांगत नाही, त्यामुळे कुणाला घाबरवतही नाही.

त्याच पेटीत रबरी चेंडू ठेवा. मोठ्या माणसाचं हृदय एका ठोक्याला साधारण ७० मिलिलिटर रक्त पुढे ढकलतं. मिनिटाला सत्तर ठोके धरले तर पाच लिटर झालं. मुलाने चेंडू मिनिटभरात सत्तर वेळा पुरता दाबायचा. तळहात भरून येतो, चेहरे वाकडे होतात. मग विचारायचं की आतला स्नायू कधी थांबतो.

पचनाची पेटी माझी सगळ्यात आवडती, कारण ती नऊवारीत होते. हिशेब बघा. अन्ननलिका पाव मीटर, जठर पाव मीटर, लहान आतडं पुस्तकात सहा मीटर देतात, मोठं दीड. झाले आठ. नऊ वार म्हणजे ८.२३ मीटर. उरलेली वीत तोंडाला आणि घशाला. जुनी सुती नऊवारी घ्यायची, उभ्या पट्ट्या फाडून नळ्या शिवायच्या, लहान आतड्याची अडीच सेंमी व्यासाची, मोठ्याची सहा. जठराच्या जागी बटवा. प्रत्येक भागाला वेगळा रंग. व्हरांड्यात आठ मुलं ओळीने, प्रत्येकाच्या वाट्याला मीटरभर. तोंडातून गोटी टाकायची आणि मागून चिमटीने दाबत पुढच्याकडे सरकवायची. अन्न खाली पडत नाही, ढकललं जातं, हे शब्दाविना कळतं. बटव्यापाशी गोटी अडते तिथे हमखास आरडाओरडा. शेवटी सगळं एका कापडी पिशवीत कोंबायचं, पिशवी मुलाच्या पोटाएवढी. ते कोंबताना जो प्रश्न निघतो तो निघू द्या, आपण आधी सांगायचा नाही. मोठ्या टोकाला गोटी बाहेर आल्यावर जे हसू होतं त्याला दटावू नका, तेवढ्यापायी मुलं हे घरी जाऊन सांगतात.

हात धुण्यासाठी काळी पेटी. आतून काळं कापड, पुढे हात घालायला दोन भोकं, वर बघायला फट, आत नोटा तपासायची निळसर टॉर्च. हात धुण्याच्या प्रशिक्षणासाठी चमकणारं लोशन मिळतं ते लावायचं, नेहमीसारखं धुवायला सांगायचं, मग हात आत. नखांच्या कडा, अंगठ्याचं मूळ, बोटांच्या बेचक्या उजळतात. हळदही त्या उजेडात चमकते, पण ती नुसत्या डोळ्यांनीच दिसते, मग पेटीची गंमत काय राहिली? मुलांना दोन गोष्टी मात्र बजावून सांगा. चमकतंय ते लोशन आहे, जंतू नव्हेत, जंतू या उजेडात दिसत नाहीत. आणि पांढऱ्या सदऱ्याची बाही आत गेली की तीही निळी पेटते, कारण धुण्याच्या पावडरीत चमक आणणारं द्रव्य असतं. नाहीतर मुलं घरी जाऊन सांगतील की आईने धुतलेल्या शर्टावर जंतू होते. टॉर्च ३९५ नॅनोमीटर तरंगलांबीची घ्या. करोनाच्या वेळी निर्जंतुक करायच्या म्हणून २५४ नॅनोमीटरच्या नळ्या घरोघर आल्या होत्या, त्यातली एकही पेटीत नको. डोळे आणि कातडी दोन्ही भाजतात.

डासांसाठी चाळीचं आणि झोपडपट्टीचं छोटं मॉडेल. छपरावर निळी ताडपत्री, तिच्यावर टायर, दारात पिंप, कुंडीखाली बशी, फ्रिजमागचा ट्रे. मुलांनी उचलून बघायचं, जिथे पाणी तिथे खाली चित्र. डेंग्यूचा डास साठलेल्या पाण्यात वाढतो, दिवसा चावतो, आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा पिंप कोरडं करायचं. अंडी कडेला चिकटलेली कोरडीही काही महिने टिकतात, तेव्हा नुसतं ओतून भागत नाही, आतून घासायचं. जिवंत अळ्या शाळेत नेऊ नका. स्पिरिटमध्ये ठेवलेल्या न्या, बाटली सीलबंद, सोबत दहापट भिंग. अळ्या मिळवायला वॉर्डातल्या कीटकनाशक खात्याच्या माणसांना विचारून बघा.

दात आणि खाणं या दोन पेट्यांबद्दल इथल्या डॉक्टरांनी बोलावं.

वेळेचं गणित सोपं आहे. सहा पेट्या, प्रत्येकीवर आठ मुलं, पाच मिनिटं. अठ्ठेचाळीस मुलं तीस मिनिटांत सगळीकडे फिरतात, पाच मिनिटं घंटा आणि गोंधळाला. आठपेक्षा जास्त मुलं एका पेटीवर आली की मागची चार एकमेकांना ढकलायला लागतात.

आणि ते वजनाचं यंत्र काढून टाका. चिठ्ठी हातात आली की मधल्या सुट्टीत ती मोठ्याने वाचली जाते. जाड मुलाला आणि काडीसारख्या मुलीला नावं पडतात, ती शाळा सुटेपर्यंत चिकटतात. फुंकर किती लांब, ताकद किती, असल्या शर्यतीही नकोत. दमा असलेलं मूल तुमच्या पेटीपुढे हरतं आणि तुम्ही आरोग्य शिकवून आलात असं समजता.


दाढदुखी
मंगळवार, सकाळी ७:५०

सुतारपक्षी, नऊवारी उचलतो आहे. दंतवैद्यक आहे, तुमचं पचन माझ्या हद्दीच्या पलीकडे सुरू होतं. एक भर. सहा मीटर हा मृतदेहात मोजलेला आकडा. जिवंतपणी आतड्याचे स्नायू आखडलेले असतात, त्यामुळे लांबी बरीच कमी भरते, आणि मुलांची त्याहून कमी. साडी बदलायची गरज नाही, समजावणाऱ्याला ठाऊक असावं इतकंच.

मीनलताई, दातांच्या पेटीत मोठा प्लास्टिकचा जबडा आणि राक्षसी ब्रश ठेवला जातो, त्यावर मुलं एकमेकांना ब्रश मारतात आणि तास संपतो. त्याऐवजी प्रत्येक गटाला चार छोटे आरसे द्या आणि एक काम द्या: सहाव्या वर्षाची दाढ शोधा. सहाव्या वर्षाच्या सुमाराला दुधाच्या दातांच्या मागे पहिली कायमची दाढ येते. कुठलाही दात पडत नाही, दुखत नाही, म्हणून घरात कुणाला पत्ता नसतो. आईबाप तिला दुधाचीच समजतात. ती किडली की 'पडेल, दुसरी येईल' म्हणतात. दुसरी येत नाही. दुधाचे वीस आणि कायमचे बत्तीस हे मुलांना पाठ असतं, पण स्वतःच्या तोंडात ही दाढ कुठे आहे ते माहीत नसतं. तिसरी-चौथीला हे एवढंच कळलं तरी माझ्या खुर्चीतली गर्दी कमी होईल. आरसे स्टीलचे घ्या, काचेचे नकोत, आणि तोंडात घालायचे नाहीत. खिडकीच्या उजेडाकडे तोंड करून बाहेरूनच बघायचं.

खाण्याच्या पेटीत साखरेच्या पुड्या ठेवा. कोलाच्या बाटलीवर लिहिलेलं असतं, १०० मिलिलिटरमध्ये दहा-अकरा ग्रॅम साखर. मुलांनी लेबल वाचायचं, गुणाकार करायचा आणि पाच-पाच ग्रॅमच्या पुड्या मांडायच्या. २५० मिलिलिटरची बाटली म्हणजे पाचएक पुड्या. जागतिक आरोग्य संघटनेची २०१५ ची मर्यादा आहे, वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांच्या आत. १५०० कॅलरी लागणाऱ्या मुलाला ते साधारण ३७ ग्रॅम होतात. पाचवीपासून पुढे हे गणित जमतं, तिसरीला नुसत्या पुड्या मोजू द्या. शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त साखर, मीठ, चरबीचे पदार्थ विकू नयेत असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा २०२० चा नियम आहे. फाटकावर त्याचं काय होतं ते सगळे बघतातच.

मिश्रीबद्दल मुलं विचारतील. घरात आजी, आई लावतात. ती तंबाखू भाजून केलेली असते हे सरळ सांगा, पण 'आजीला सांग, सोड' असं मुलाच्या खांद्यावर टाकू नका. त्याला घरी चापट बसते.

आता मतभेद. वजनकाटा काढा, मान्य. पण तपासणी अजिबात नको, हे मला पटत नाही. डोळ्यांचा 'ई' चा तक्ता व्हरांड्यात लावा. ज्याला फळा धूसर दिसतो त्या मुलाला इतरांना तो स्वच्छ दिसतो हेच माहीत नसतं. सहा मीटर अंतर व्हरांड्यात मिळतं, एक डोळा झाकायला पुठ्ठा पुरतो.


सुतारपक्षी
मंगळवार, सकाळी ९:०५

डॉक्टर, तक्ता लावायला माझी ना नाही, लाकडी चौकट मीच करून देईन. पण ज्याला तिसरी ओळ दिसली नाही त्याचं पुढे काय? चष्मा कोण करून देणार? पालिकेच्या शालेय आरोग्य विभागाशी आधी बोलणं झालं असेल, नाव कुणाला कळवायचं ते ठरलं असेल, तर लावा. नसेल तर मुलाला त्याचं उणं दाखवून आपण टेम्पोत बसून निघून येतो. आणि लावलात तर सहा पेट्यांच्या फेऱ्यात नको, वर्गाबाहेर वेगळा, एकेका मुलाला बोलावून. बाकीची सात मुलं मागे उभी राहून उत्तरं सांगतात.


फळा_पुसणारी
मंगळवार, दुपारी ३:३०

मी पालिकेच्या शाळेत शिकवते. वरचं वाचून आनंद झाला, नाहीतर आमच्याकडे येणारी प्रदर्शनं म्हणजे फ्लेक्सचे बारा फलक आणि त्यापुढे फोटो काढणारे पाहुणे.

मीनलताई, परवानगीचं आधी. शिक्षण विभागाचं पत्र घ्या, प्रत प्रशासकीय अधिकाऱ्यांना आणि बीट ऑफिसरना, म्हणजे शाळांच्या गटावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांना. वरचं पत्र नसेल तर मुख्याध्यापक इच्छा असूनही हो म्हणू शकत नाहीत. एका इमारतीत सकाळ आणि दुपार अशी दोन सत्रं चालतात, तेव्हा सत्र बदलायच्या वेळी पेट्या उतरवू नका, जिन्यात बाराशे मुलं असतात. खिचडीच्या आधीचा तास घेऊ नका. मुलांचं लक्ष वासाकडे असतं, आणि त्यात चूक काही नाही.

वरच्या मजल्यावर दुपारी नळाला पाणी असेलच असं नाही. हात धुण्याच्या पेटीसोबत झाकणाची बादली, मग आणि खाली धरायला घमेलं ठेवा. घरी ज्यांच्याकडे तासभर पाणी येतं त्या मुलांना 'नळ सोडून धुवा' असं दाखवू नका. एका मगात दोन हात साबणाने कसे धुवायचे ते दाखवा, त्यांना खरी अडचण तीच आहे. खाण्याच्या पेटीतही सफरचंद-द्राक्षांचे रंगीत फोटो नकोत. चवळी, शेंगदाणे, अंडं, केळं, पालेभाजी, जे गल्लीत मिळतं ते.

भाषेचं तुम्हाला वाटतं त्याहून अवघड आहे. पालिकेच्या शाळा आठ माध्यमांत चालतात. फलकावर मजकूर छापूच नका. झाकणाला पारदर्शक खिसा करा आणि त्या त्या माध्यमाचं कार्ड त्यात सरकवा, दहा-पंधरा शब्दांचं. चित्रं सगळ्यांना सारखी चालतील असं समजू नका. आमच्या इमारतीत हात धुण्याची तीन चित्रं आडवी लावली होती: घाण हात, साबण, स्वच्छ हात. उर्दूच्या मुलांनी ती उजवीकडून वाचली. स्वच्छ हात, साबण, घाण हात! क्रम वरून खाली लावा, भांडणच मिटतं.

पेटीवर समजवायला मोठी माणसं ठेवू नका. आठवीची मुलं-मुली घ्या, प्रत्येक पेटीला दोन. आदल्या दिवशी एक तास तयारी. १९७९ च्या आंतरराष्ट्रीय बालवर्षाच्या निमित्ताने लंडनमधून 'चाइल्ड-टू-चाइल्ड' म्हणून एक चळवळ निघाली, मोठ्या मुलांनी लहानांना आरोग्य शिकवायचं अशी. आमच्या वस्तीत ते कुणी शिकवावं लागत नाही, आठवीतली ताई धाकट्याला अंघोळ घालून, वेणी घालून शाळेत आणतेच. तिला पेटीमागे उभं केलं की तिचा आवाज बदलतो. लहान मुलं तिला जे विचारतात ते मला विचारत नाहीत.

सहावी-सातवीच्या मुलींसाठी पाळीबद्दल काही असावं का, हा प्रश्न येईलच. असावं, पण या सहा पेट्यांत पाच मिनिटांत उरकू नका. वेगळा तास, सोबत वर्गाच्या बाई आणि चिठ्ठ्या टाकायचा डबा. नाव न लिहिता विचारलेले प्रश्न वाचलेत तर पुढच्या वर्षीची पेटी त्यातूनच तयार होईल.

आणि मुलांचे चेहरे दिसतील असे फोटो कंपनीला पाठवू नका. हातांचे काढा.


आकडेमोड
मंगळवार, संध्याकाळी ६:१०

सगळं झकास, पण कंपनी विचारेल की उपयोग झाला हे कशावरून. किती मुलं आली याचा तक्ता म्हणजे गर्दीची मोजणी.


फळा_पुसणारी
मंगळवार, संध्याकाळी ६:४०

आकडेमोड, सोपं आहे. आदल्या दिवशी मुलांना कागदावर माणसाची बाह्याकृती द्या आणि आत काय काय आहे ते काढायला सांगा. बहुतेक जण डाव्या खांद्याखाली पत्त्यातलं बदाम काढतात आणि पोटात एक मोठी पोकळी. आठवड्यानंतर तोच कागद पुन्हा. बदाम मधे सरकून मुठीएवढं झालं का, पोकळीत वेटोळी आली का, ते दिसतं. लेखी परीक्षा घेतलीत तर ज्यांना लिहिता येतं तेच पास होतील.


मीनल_शिवडी
मंगळवार, रात्री १०:२०

काय बोलू. आज दुपारी कंपनीच्या बाईंशी फोनवर बोलले. बस नको म्हटल्यावर पहिला प्रश्न आला, मग नाव कुठे लिहायचं? मी म्हटलं पेटीच्या झाकणावर. त्या म्हणाल्या झाकण तर उघडल्यावर मागे जातं. आता सांगा.

दुसरं, त्यांना 'टेक्नॉलॉजी' हा शब्द प्रस्तावात हवाच आहे. आणि तिसरं माझं स्वतःचं. क्ले, हिरा, साडी हे मला पटलं आहे, पण दिसायला ते गरिबाचं दिसेल का? पालिकेच्या शाळेतल्या मुलांना सतत जुनंपानंच दिलं जातं. त्यांनाही काही झगझगीत मिळावं असं मनापासून वाटतं.


सुतारपक्षी
मंगळवार, रात्री ११:३०

तिसऱ्या प्रश्नाचं आधी, कारण तो खरा आहे. साधं आणि टाकाऊ यात फरक कारागिराच्या हाताचा असतो. पेटी अशी करा की मुलाला ती उघडताना काहीतरी भारी उघडतोय असं वाटावं. चांगला सनमायका, प्रत्येक पेटीचा रंग वेगळा, पितळी खिटी, आत प्रत्येक वस्तूच्या आकाराचा फोममध्ये कापलेला खाचा. हीरसुद्धा खाच्यात बसते. कडा घासून गोल, स्क्रूचं डोकं कुठेही वर नाही. नऊवारी नवी घ्या, सुतीच, रंग झगझगीत. बोटांनी गोटी सरकवायची आहे, म्हणून आतून गुळगुळीत अस्तर लावा, नाहीतर ती शिवणीला अडते आणि मुलं दातांनी ओढतात. जो पैसा बसच्या टायरात जाणार होता तो या कामात घाला. दोन संच करा. एक शाळेत असताना दुसरा दुरुस्तीला, कारण मोडतोड होणारच. क्ले दर शाळेला नवी. कळकट क्ले मुलाच्या मनगटाला लावायची नाही. स्टेथोस्कोप ठेवलात तर कानाची टोकं प्रत्येक मुलानंतर स्पिरिटने पुसायला एक माणूस नेमा. नेमता येत नसेल तर ठेवू नका.

टेक्नॉलॉजी हवी ना? काळ्या पेटीतली अतिनील टॉर्च लिहा. ती बॅटरीवर चालवा, वर्गातल्या सॉकेटच्या भरवशावर राहू नका आणि व्हरांड्यातून वायर ओढू नका. हवंच असेल तर डासांच्या मॉडेलमध्ये पिंप उचललं की दिवा लागेल असं करता येतं, पिंपाच्या बुडाला लोहचुंबक आणि खाली रीड स्विच, म्हणजे चुंबकावर चालणारं बटण; चुंबक दूर गेला की जोडलं जाणारं घ्या. दोन्ही लॅमिंग्टन रोडला मिळतात. प्रस्तावात त्याला सेन्सर म्हणा, खोटं नाही.

कंपनीचं नाव पेटीच्या पुढच्या अंगाला, हँडलच्या वर. जिन्याने नेताना सगळ्या शाळेला दिसतं. टेम्पोला कापडी बॅनर बांधा, संध्याकाळी सोडा.

आधी एकच पेटी करा, नाडीची. ती घेऊन त्याच पाचवीच्या वर्गात जा आणि कोपऱ्यात गप्प उभ्या राहा. मुलं कुठे अडतात, काय उलटं धरतात, कशाला हात लावत नाहीत ते लिहून घ्या. बाकीच्या पाचांची मापं त्यानंतर काढू. कोपरे आणि हँडलं घ्यायला मी बरोबर येतो, नागदेवीच्या हार्डवेअर बाजारात माझी ओळख आहे. रविवारी बाजार बंद असतो, शनिवारी सकाळी अकराच्या आत या. आणि प्लाय तिथून घेऊ नका, महाग लावतात.